झुलाल नानांची रोट नियमावली

झुलाल नानांना चहा विचारायची चूक पारोळ्यात सहसा कोणी दुसऱ्यांदा करत नाही. "नाना, चहा घेता का?" एवढं म्हणायचा अवकाश, की नाना चष्मा कपाळावर सरकवणार आणि विचारणार, "चहा म्हणजे? दुधासह की दुधाविना? आणि यात बिस्किटाचा समावेश होतो की नाही?" तोवर विचारणाऱ्याचं दूध उतू गेलेलं असतं.

एकदा मेहुणा न सांगता दारात उभा राहिला. नानांनी त्याला उंबऱ्याबाहेरच ऐकवलं, "पाहुणा म्हणजे येण्याची आगाऊ सूचना दिलेला इसम. सूचना न देता येतो ते अतिक्रमण." मेहुणा बिचारा आता गल्लीच्या तोंडाशी थांबून फोन करतो, मगच पुढं सरकतो.

आता माणूस असा का होतो? नोकरीनं होतो. झुलाल गोविंदा बोरसे एकतीस वर्षं कोर्टात होते. आधी पुकारा करणारे शिपाई. त्यांनी व्हरांड्यात येऊन "हाजिर हो" म्हटलं की समोरच्या टपरीवरचा वडा तेलात दचकायचा, असं वकीलमंडळी सांगत. मग बढती मिळाली आणि ते बेलीफ झाले, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन समन्स बजावणारे. यावल, जळगाव, पारोळा, कुठं कुठं फिरले. यावलला तर माणसं नानांची सायकल दिसली की केळीच्या बागेत शिरायची आणि नाना बांधावर उभं राहून कलम वाचून दाखवायचे.

त्या कलमात लिहिलेलं असतं की माणूस घरी सापडला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ व्यक्तीला समन्स द्यावं. नोकर हा कुटुंबातला माणूस नव्हे, हेही तिथंच लिहिलेलं असतं. कोणीच नसेल, तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवावं. नानांनी एकदा असंच एक समन्स सातपुड्याच्या पायथ्याशी एका झोपडीच्या दाराला चिकटवलं. पाठ वळते न वळते, तोच तिथल्या शेळीनं ते ओढून खाल्लं. दुसरा कोणी असता तर गप बसला असता. नानांनी अहवाल लिहिला: 'समन्स शेळीने स्वीकारले. शेळी सोबत राहणारी असली, तरी कुटुंबातील प्रौढ व्यक्ती नसल्याने बजावणी अपूर्ण.' न्यायाधीश साहेबांना म्हणे हसू आवरेना, ते उठून चेंबरमध्ये गेले. नानांना मात्र त्यात हसण्यासारखं काय होतं ते अजून कळलेलं नाही.

तर असा हा माणूस. कुटुंब म्हणजे कोण, हे दारोदार एकतीस वर्षं विचारत फिरलेला. आणि त्याच प्रश्नावर स्वतःच्या भाऊबंदकीत तो तोंडावर आपटला, ती ही गोष्ट.

नानांची मुलगी पुनम. धुळ्याला दिली होती. सात वर्षं तिनं तिथं काढली, कशी काढली ते तिचं तिला ठाऊक, आणि दोन वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन परत आली. गेल्या वर्षी धुळ्याच्या कोर्टातून फारकतीचा हुकूमनामाही झाला. आता ती पारोळ्यात कॉम्प्युटरचा क्लास घेते, स्कूटी चालवते, बापाच्या व्याख्यांना मोठ्यानं हसते. दिसायला सगळं ठीक. पण श्रावण आला की घोटाळा होतो, कारण श्रावणात कानबाई येते.

खानदेशात कानबाईचा सण सगळेच करतात, पण तिचा रोट म्हणजे देवीचं जेवण, तो कुळातल्या माणसांनीच खायचा. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही, आणि लग्न करून दिलेल्या लेकीलाही नाही. लेक दिली की तिचं कुळ बदललं, तिनं सासरचा रोट खावा. उरलेला रोट खड्ड्यात पुरतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा त्याच खड्ड्यात. इतकं कडक. बोरशांच्या घराण्यात तर घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. कुळातल्या थोरल्या वहिनी मूठ उचलणार, नाना नाव पुकारणार, तेही कोर्टासारखं तीनदा, आणि ज्याचं नाव त्यानं "हजर" म्हणायचं. मग मूठ सुपात पडणार. स्वतःचं नाव आलं की नाना स्वतःच पुकारायचे आणि घसा खाकरून स्वतःच "हजर" म्हणायचे.

गेल्या वर्षी कानबाईच्या रविवारी मूळ गावी, कुळातल्या थोरल्या मगन आबांच्या घरी सगळं कुळ पंगतीला बसलं आणि पुनम बाहेर वट्ट्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, घरून आणलेला खिचडीचा डबा घेऊन. सासरचा रोट तुटला, माहेरचा मिळेना. "मला काय, खिचडी आवडते," असं हसून म्हणाली. लहानपणी हीच पोरगी पहिला घास माझाच म्हणून आबांच्या मांडीवर चढून बसायची. नानांच्या हातातला घास हातातच राहिला. फार वाईट वाटलं त्यांना. घरी येताना बसमध्ये कंडक्टरनं "पारोळा?" विचारलं तर "पारोळा म्हणजे?" सुद्धा म्हणाले नाहीत.

बरं, दुसरा बाप असता तर मोठ्या भावाकडं गेला असता, म्हणाला असता, "आबा, पोर एकटी बसते, जीव तुटतो." संपलं असतं. पण नानांना असं बोलता येत नाही. त्यांना कलम लागतं. त्यांनी दोन महिने खपून 'बोरसे कुळ कानबाई रोट (सेवन व वाटप) नियमावली' लिहिली आणि टाइप करायला दिली कोणाला, तर पुनमलाच.

"नाना, हे कशाला?" तिनं विचारलं.

"पुढं वाद नकोत म्हणून," नाना छताकडं बघत म्हणाले.

"आणि व्याख्यांच्या आधी हे काय? 'संदर्भावरून दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर'?"

"ते असतंच. प्रत्येक कायद्यात व्याख्यांच्या आधी असतं. कोणी वाचत नाही. तू टाइप कर."

पुनमनं टाइप केलं. व्याख्या 'क' वर तिची बोटं जरा थबकली. 'कुटुंब म्हणजे कुळातील इसम व त्याच्या छताखाली सोबत राहणाऱ्या प्रौढ व्यक्ती. स्पष्टीकरण: नोकर हा कुटुंबातील नव्हे.' तिच्या ध्यानात आलं बाप काय करतोय ते. त्या दिवशी नानांच्या चहाबरोबर न विचारता बिस्किटं आली.

आषाढात मगन आबांच्या घरी बैठक भरली. आबा नानांचे चुलतभाऊ, कुळात सगळ्यात वडील, शांत माणूस. आणि नवल, नानांचा पुतण्या. त्याच्याविषयी जरा सांगायला हवं. चौदा वर्षांपूर्वी एका बांधाच्या भांडणात नवलच्या नावानं समन्स निघालं होतं आणि ते बजावायला आले खुद्द नाना. ज्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, त्याला दारात विचारलं, "नवल सुका बोरसे आपणच का? ओळखपत्र दाखवा." नवलनं ती गोष्ट मनात अशी जपली होती, की पोरंसुद्धा कोणी इतकी जपत नाही.

नानांनी व्याख्या वाचली. नवल लगेच उठला. "सोबत राहणारे कशाला? सरळ लिहा, कुटुंब म्हणजे बोरसे कुळात जन्मलेले."

चार माना डोलल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात रुख्माबाई येऊन उभ्या राहिल्या. मगन आबांच्या पत्नी, कुळातल्या थोरल्या वहिनी, गेली चाळीस वर्षं रोट त्यांच्याच हातचा.

"मी तं अमळनेरनी आंडेर, तठेनी लेक," त्या म्हणाल्या. "आठे काय जन्मनी नही. मंग मी बाहेर, बठ्ठ्या सुना बाहेर. यंदा रोट तुम्हीच लाटा रे भाऊहोन." आणि कमरेवर धरलेलं पोलपाट त्यांनी चक्क नवलच्या हातात दिलं.

नवलनं पोलपाट उलटसुलट करून पाहिलं आणि सूचना मागं घेतली. नानांची व्याख्या एकमतानं मंजूर झाली. आबांनी नानांकडं पाहिलं, त्यांनाही कळलं होतं, की छताखाली सोबत राहणारी म्हणजे पुनमच. ते मिशीत हसले आणि सही केली. सगळ्यांनी केली. नानांनी सगळ्यात शेवटी, मोठ्या झोकात, खाली तारीख घालून केली.

सही वाळेपर्यंत नवल थांबला. मग म्हणाला, "नाना, व्याख्या 'ग' वाचा ना जरा."

व्याख्या 'ग' नानांनी भलत्याच कारणानं घातली होती. कुळातला एक भाऊ धुळ्यात बंगला बांधून राहतो, वर्षातून एकदा रोटाला येतो, आणि येताना रिकामे डबे घेऊन येतो. त्याला आळा बसावा म्हणून नानांनी लिहिलं होतं: 'ज्याने गावाबाहेर स्वतःचे घर बांधले, तो कुळातून वेगळा निघाला असे समजण्यात येईल.'

नानांनी वाचलं. पुन्हा वाचलं. पारोळ्यातलं आपलं घर, त्याच्या दारावरची 'झु. गो. बोरसे, से. नि. बेलीफ' ही पाटी, सगळं डोळ्यांपुढं आलं.

"पण मी वेगळा कुठं निघालो?" नाना म्हणाले.

"निघालात असं कुठं म्हणतोय? निघालात असं समजण्यात येईल," नवल म्हणाला. "दुरुस्ती करायची, तर सात दिवसांची नोटीस आणि सगळ्यांच्या सह्या. कलम नऊ. तुमचंच आहे."

लेकीला आत घ्यायला गेलेला बाप स्वतः बाहेर पडला, बायकोला घेऊन. करायला गेला गणपती आणि झालं माकड, ते असं. आणि दुरुस्तीला नवल सही करेना. घरी सुंदरबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, आठ दिवस त्यांची पूजा बांधली. "जन्मभर लोकांच्या दाराला कागद चिकटवले, आता स्वतःच्या दाराला चिकटवून घेतला! माझा रोट गेला, तुमचा गेला, पोरीला काय मिळालं? सोबत खिचडी खायला आईबाप!" नाना खाली मान घालून ऐकत होते. 'सोबत म्हणजे?' असं विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

कानबाईचा रविवार उजाडला. आबांनी निरोप धाडला होता, की कायदा गेला उडत, तुम्ही या. सुंदरबाई आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात घुसल्या, त्यांनी कुठल्याच कागदावर सही केलेली नव्हती. पण नानांनी केली होती. ते पुनमच्या शेजारी वट्ट्यावर बसले. मांडीवर खिचडीचा डबा, पलीकडं खुंट्याला आबांची शेळी.

"नाना, तुम्ही आत जा. माझं काय, मला सवय झाली," पुनम म्हणाली.

"कायदा सगळ्यांना सारखा," एवढंच नाना कसंबसं म्हणाले.

आत पुकाऱ्याची वेळ झाली. नाना नाहीत म्हटल्यावर नवल पुढं झाला. आता हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. वयाच्या क्रमानं एकवीस नावं, मागच्या श्रावणानंतर जन्मलेलं बाळ धरायचं, गेलेला माणूस वगळायचा, आणि ही सगळी यादी कागदावर नाही, नानांच्या डोक्यात. नवलनं मगन आबांचं नाव घेतलं, आबांनी "हजर" म्हटलं, मूठ पडली. रुख्माबाईंनी दुसरी मूठ भरून उचलली. नवलला घाम फुटला. आबांच्या पाठचा कोण? त्याच्या तोंडून घाईत निघालं, "सुका दगा बोरसे, हाजिर हो!"

सुका दगा म्हणजे नवलचेच वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

बायका किंचाळल्या. एका सुनेनं तर दाराकडं वळून बघितलं. "मरेल मानूसले पुकारस का रे?" रुख्माबाई ओरडल्या. हजर कोण म्हणणार? आणि मूठ तर उचललेली. एकदा उचललेली मूठ पोत्यात परत टाकायची नाही, खाली ठेवायची नाही, जिवंत माणसाचं नाव पडल्याशिवाय सोडायची नाही, ही रीत. नवलची यादी तर पुरती विस्कटली, पुढचं नाव आठवेना, चुकलं तर पुन्हा कोणाला बोलावून बसेल याची त्यालाच भीती. रुख्माबाई हात वर धरून उभ्या. शेवटी त्या तशाच, मुठीसकट, वट्ट्यावर आल्या. मागून आबा, मागून सगळं कुळ.

"नाना, चल रे भो, मूठ अडकी गयी," आबा म्हणाले.

"मला अधिकारिता नाही," नाना म्हणाले. "मी वेगळा निघालो असं समजण्यात आलेलं आहे. वेगळ्या निघालेल्या इसमानं केलेला पुकारा रद्दबातल. दुरुस्तीला सात दिवसांची नोटीस."

"सात दिवस मी हात वर धरू का?" रुख्माबाई कडाडल्या. "मना हात भरी उना! आन रे तो कागद. पहिलेपासून वाच."

पुनमच्या मोबाईलमध्ये होताच. तिनं वाचलं, "या नियमावलीत, संदर्भावरून दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर..."

"थांब. ते काय?"

"ते असतंच, वहिनी," नाना म्हणाले. "कोणी वाचत नाही."

"लिखेल शे ना? मंग मंजे काय ते सांग."

नानांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे... खाली व्याख्या काहीही असो, समोर प्रकरण काय आहे ते आधी बघायचं. तिथं ती व्याख्या शोभत नसेल, तर सोडून द्यायची."

"मंग देख ना!" रुख्माबाईंनी मूठ तशीच पुनमकडं केली. "तुना संदर्भ आठे वट्टावर डबा लिसनी बशेल शे!"

नानांनी लेकीकडं पाहिलं. ती डब्याच्या झाकणाकडं बघत होती.

"आणि ही मूठ कोनी? बिननावनी शे," रुख्माबाई म्हणाल्या. "पुकार."

"बाईच्या नावाची मूठ?" नवल मागून पुटपुटला.

"तुले धरनी शे का? ये, धर."

नवल मागं सरकला. नाना उठले, वट्ट्याच्या कडेला गेले, टोपी सारखी केली. आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा पुकारा झाला, "पुनम झुलाल बोरसे, हाजिर हो!"

समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. पुनम हलली नाही.

"पुनम झुलाल बोरसे, हाजिर हो!"

तिसऱ्या पुकाऱ्यालाही उठलं नाही तर गैरहजर लागते, हे नानांना माहीत होतं, पुनमलाही माहीत होतं. तिसरा पुकारा नानांना नीट जमलाच नाही. ज्या आवाजानं वडे दचकायचे, तो 'झुलाल' वर फुटला आणि 'हाजिर हो' तर जवळजवळ विनवणी झाली.

पुनमनं डबा बाजूला ठेवला. उभी राहिली. "हजर," म्हणाली, आणि रडायला लागली ती हसतच. रुख्माबाईंनी "सुटनू रे माय!" म्हणत मूठ सोडली. सूप आत राहिलं होतं, म्हणून आबांनी आपली टोपी पुढं धरली, आणि गहू टोपीत पडले.

त्यानंतर नानांनी आत जाऊन उरलेली सगळी नावं घेतली, आपलंही घेतलं, आणि "हजर" म्हटलं. पंगतीला पहिला घास पुनमला द्यायला आबांनी आपली मांडी थोपटली, पण ती म्हणाली, "आबा, मोडेल." नवलनं दुरुस्तीच्या कागदावर सही केली. नानांनी त्याला ओळखपत्र मागितलं नाही.

संध्याकाळी नाना वट्ट्यावर चष्मा लावून बसले. नियमावलीच्या शेवटच्या पानावर, सह्यांच्या खाली, त्यांनी कोर्टातल्या जुन्या वळणदार अक्षरात अहवाल लिहिला:

'रोट पुनम झुलाल बोरसे हिला, ती कुळातील असल्याची खात्री करून, समक्ष दिला. बजावणी पूर्ण. वट्ट्यावर राहिलेली खिचडी शेळीने स्वीकारली.'